खोल भोकाची सायकल : जी ८३ काय सांगते आणि काय सांगत नाही

सीएनसी मिलिंगच्या जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात ड्रिलिंगच्या कॅन्ड सायकलींचे एक कोष्टक असते. जी ८१ म्हणजे साधे ड्रिलिंग, जी ८२ म्हणजे तळाशी क्षणभर थांबणारे ड्रिलिंग, जी ८३ म्हणजे खोल भोकाचे पेक ड्रिलिंग, जी ७३ म्हणजे वेगवान पेक ड्रिलिंग. कोष्टकाखाली एक आकृती, एक सोडवलेले उदाहरण, आणि मग लगेच टॅपिंगचा विषय सुरू होतो. या टिपणात आपण ते कोष्टक पुन्हा पाठ करणार नाही, तर त्याची समीक्षा करणार आहोत.

माझा आक्षेप थोडक्यात असा. खोल भोकात ड्रिल जसजसे खाली उतरते तसतशी कापण्याची परिस्थिती बिघडत जाते. चिप बाहेर यायला जास्त अंतर पडते, कूलंट तळापर्यंत पोहोचत नाही, उष्णता अडकते. जी ८३ ची जी ओळ आपल्याला शिकवली जाते ती मात्र पहिल्या मिलिमीटरला आणि शेवटच्या मिलिमीटरला एकच वागणूक देते. खोली तिच्या लेखी फक्त एक आकडा असते. म्हणून खोल ड्रिलिंगची कोणतीही सायकल पारखताना एक प्रश्न विचारा : खोलीनुसार वागणूक बदलण्याची सोय ती देते का, आणि देत असेल तर ती सोय प्रोग्रॅममध्ये दिसते का?

एक सूचना आधीच देतो. खाली प्रोग्रॅमच्या ओळी वाचण्यासाठी देवनागरीत लिहिल्या आहेत. यंत्रावर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टंकायच्या.

एक उदाहरण, नीट मोजून

मऊ पोलादात ६ मिमी व्यासाचे, ७२ मिमी खोल भोक घ्या. खोली व्यासाच्या बारापट आहे. हायस्पीड स्टीलचे ड्रिल, कर्तनवेग मिनिटाला २५ मीटर, म्हणजे स्पिंडलचे सुमारे १३०० फेरे. दर फेऱ्याला ०.१ मिमी फीड धरला तर मिनिटाला १३० मिमी. पुस्तकी पद्धतीने लिहिलेली ओळ अशी होईल :

जी९० जी९९ जी८३ एक्स४०.० वाय२५.० झेड-७२.० आर३.० क्यू३.० एफ१३०

ही ओळ लिहिण्याआधीच एक गोष्ट तपासायला हवी होती, आणि पुस्तकातली उदाहरणे ती सहसा तपासत नाहीत. नेहमीचे ६ मिमीचे ड्रिल, म्हणजे डीआयएन ३३८ मापाचे, एकूण ९३ मिमी लांब असते आणि त्याची खाच ५७ मिमी. ७२ मिमी खोलीवर ती खाच भोकाच्या तोंडाखाली पूर्ण बुडालेली असेल. चिपला बाहेर पडायला वाटच उरणार नाही. इथे लांब मालिकेचे ड्रिल हवे, डीआयएन ३४० चे, ज्याची खाच ९१ मिमी असते. क्यूची कितीही चतुर निवड केली तरी चुकीच्या लांबीचे ड्रिल त्यातून सावरत नाही.

आता ओळ वाचा. फानुक कंट्रोलवर क्यू हे अंतर आर पातळीपासून मोजले जाते, कार्यवस्तूच्या पृष्ठभागापासून नव्हे. इथे आर ३ मिमी वर आहे आणि क्यूही ३ मिमी. म्हणजे पहिला पेक संपूर्ण हवेत! ड्रिल पृष्ठभागाला टेकते, कापत काहीच नाही, आणि परत वर जाते. चूक मोठी नाही, पण ओळ लिहिणाऱ्याने ती वाचलेली नाही हे तिच्यातून कळते.

पुढे हिशेब करा. आर पासून तळापर्यंत ७५ मिमी, म्हणजे २५ पेक. प्रत्येक पेकनंतर ड्रिल आर पर्यंत वर येते आणि जिथे कापणे थांबवले त्याच्या थोडे वरपर्यंत वेगाने परत जाते. हे थोडे अंतर १ मिमी धरले, तर वर येण्याचा एकूण प्रवास ९७५ मिमी आणि खाली जाण्याचा ८७६ मिमी. एकंदर १८५१ मिमी. ७२ मिमीच्या भोकासाठी ड्रिलने नुसते येण्याजाण्यात त्याच्या पंचवीसपट अंतर कापले. क्यू दुप्पट करून ६ केला तर हाच प्रवास ९९९ मिमी होतो. क्यू तोच ठेवून भोक दुप्पट खोल केले तर प्रवास दुप्पट नाही, जवळपास चौपट होतो. गणिताच्या तासाला तुम्ही नैसर्गिक संख्यांची बेरीज शिकलात, तीच ही.

वेळ वाया जाणे हा या आकड्यांचा फक्त एक अर्थ. महत्त्वाचा अर्थ असा की पहिल्या १८ मिमीत, म्हणजे व्यासाच्या तिप्पट खोलीपर्यंत, चिप सहसा आपोआप बाहेर येते. तिथे पेकची फारशी गरज नव्हती. शेवटच्या २० मिमीत मात्र ३ मिमीसुद्धा जास्त ठरू शकतो. एकच क्यू दोन्ही ठिकाणी लावला की वर तो अकारण सावध असतो आणि खाली अकारण धीट. क्यू कमी करून सगळीकडे सावध राहणे हा उपाय वाटतो, पण तोही निर्दोष नाही. गंजरोधक पोलादाचा, उदाहरणार्थ ३०४ चा, पृष्ठभाग घासला की कडक होतो. प्रत्येक पेकला ड्रिल थांबते, निघते आणि पुन्हा त्याच कडक झालेल्या थरावर येऊन टेकते. जितके पेक जास्त तितके हे घासणे जास्त. तिथे भक्कम फीड, मोजके पेक आणि तळाशी अजिबात थांबा नाही, हे धोरण बरे.

ओळीत नसलेला आकडा

वर मी 'हे थोडे अंतर १ मिमी धरले' असे म्हटले. धरले, कारण ओळीत ते कुठेही लिहिलेले नाही. फानुकवर ते यंत्राच्या पॅरामीटरमध्ये असते : जी ८३ साठी ५११५ आणि जी ७३ च्या मागे सरकण्यासाठी ५११४. हास यंत्रांवर ते सेटिंग २२ मध्ये असते. तुमचा प्रोग्रॅम तोच, कार्यवस्तू तीच, ड्रिल तेच, पण शेजारच्या यंत्रावर हा आकडा वेगळा असेल तर भोक वेगळ्या रीतीने पडेल.

मला हा जी ८३ चा सर्वात मोठा दोष वाटतो. कारण हा आकडा निरुपद्रवी नाही. ड्रिल भोकाबाहेर आले की काही चिप्स खाली घरंगळून तळाशी साठतात. ड्रिल परत वेगाने खाली येते तेव्हा या साठलेल्या ढिगावर ते कापण्याच्या फीडने पोहोचेल की धावत्या वेगाने आदळेल, हे त्या एका मिलिमीटरवर किंवा त्याच्या अंशावर ठरते. बारीक ड्रिल नेमके इथेच तुटते, आणि तुटण्याचे खापर क्यूवर फुटते. विद्यार्थी क्यू कमी करतो, पेक वाढतात, आदळण्याचे प्रसंगही वाढतात.

आणखी एक न दिसणारी गोष्ट म्हणजे दशांश चिन्ह. काही यंत्रांवर चिन्हाशिवाय लिहिलेली संख्या लघुतम एककात वाचली जाते. तिथे क्यू३.० म्हणजे ३ मिमी, पण क्यू३ म्हणजे ०.००३ मिमी. यंत्र आज्ञाधारकपणे तीन-तीन मायक्रॉनचे पेक मारू लागते. जुन्या कंट्रोलसाठीच्या पुस्तकांत क्यू३००० असे लिहिलेले दिसते ते याचमुळे. पुस्तक कोणत्या सेटिंगसाठी लिहिले आहे हे बहुधा पुस्तकात नसते.

जी ७३ आणि जी ८३ : दोन वेगळे प्रश्न

कोष्टकात जी ७३ ला 'वेगवान' म्हटले की वाचणाऱ्याला वाटते की ही जी ८३ चीच घाईची आवृत्ती आहे. हे नामकरण दिशाभूल करणारे आहे. जी ७३ ड्रिलला भोकाबाहेर आणतच नाही. ते जागेवरच किंचित मागे सरकते, लांबलचक चिप तुटते, आणि कापणे पुढे सुरू होते. म्हणजे जी ७३ चिप तोडते आणि जी ८३ चिप बाहेर काढते. प्रश्न वेगळे, उत्तरे वेगळी. बिडाची चिप मुळातच भुगा होऊन पडते, तिथे जी ७३ ने तोडायचे काय? उलट चिवट पोलादात किंवा ॲल्युमिनियममध्ये दोरीसारखी चिप ड्रिलला गुंडाळते, तिथे मध्यम खोलीपर्यंत जी ७३ उत्तम. तुम्ही निवड करताना वेगाचा विचार बाजूला ठेवा आणि तुमची चिप कशी निघते ते आधी बघा. (लेथवर जाल तेव्हा सावध राहा. फानुकच्या लेथ कंट्रोलवर जी ७३ म्हणजे ड्रिलिंग नव्हेच, ती बाह्य आकार टप्प्याटप्प्याने कापण्याची सायकल आहे.)

इतर कंट्रोल काय म्हणतात

आता आपला प्रश्न घेऊन इतरांकडे जाऊ.

हासची जी ८३ दिसायला फानुकसारखी आहे, पण तिच्यात क्यूऐवजी आय, जे आणि के लिहिता येतात. आय हा पहिला पेक, जे ही दर वेळची घट, के ही किमान मर्यादा. आय१२.० जे२.० के३.० लिहिले की पेक १२, १०, ८, ६, ४ असे कमी होत जातात आणि मग ३ वर स्थिरावतात. ७५ मिमीसाठी २५ ऐवजी १७ पेक पुरतात, आणि वरचा भाग झपाट्याने होऊन खाली सावधपणा येतो. तीन अक्षरांत एवढे सांगता येते, हे कौतुकास्पद आहे. फक्त ती मागे-अंतराची गोष्ट इथेही सेटिंगमध्येच लपलेली राहते.

सीमेन्सच्या सिन्युमेरिकवरील सायकल ८३ जास्त बोलकी आहे. पहिली खोली वेगळी, घट वेगळी, वर थांबण्याचा वेळ वेगळा, तळाशी थांबण्याचा वेगळा. चिप फक्त तोडायची की बाहेर काढायची, हे एकाच सायकलमध्ये ० किंवा १ लिहून ठरते. म्हणजे जी ७३ आणि जी ८३ चे जे नाते फानुकच्या क्रमांकांत हरवले आहे ते इथे स्पष्ट दिसते. मला विशेष आवडते ती एक बारीक सोय : पहिल्या पेकचा फीड कमी करण्यासाठी एक गुणक. ड्रिल पृष्ठभागात शिरताना डगमगते, तेव्हा हळू जा, हे या सायकलला माहीत आहे. शिवाय शेवटी उरलेला तुकडा चिमूटभर राहू नये म्हणून शेवटचे दोन टप्पे ती समान वाटून घेते. दोष एवढाच की जुन्या पद्धतीने लिहिलेली ही सायकल म्हणजे कंसात स्वल्पविरामांनी तोडलेल्या आकड्यांची रांग. सातवा आकडा कशाचा, हे पुस्तिका उघडल्याशिवाय आठवत नाही. ऑपरेटरने रात्रपाळीत नेमका कोणता आकडा बदलायचा?

हायडेनहाइनची सायकल २०५ आपल्या प्रश्नाला सर्वात पूर्ण उत्तर देते. तिच्यात पेकची घट आणि किमान पेक आहेतच, पण त्या लपलेल्या मागे-अंतरासाठी दोन स्वतंत्र आकडे आहेत, एक वरच्या टोकासाठी आणि एक खालच्या टोकासाठी. दोन्ही वेगळे दिले तर कंट्रोल पहिल्या पेकपासून शेवटच्या पेकपर्यंत ते अंतर समप्रमाणात बदलत नेतो. खाली चिपचा ढीग मोठा, तर तिथे जास्त मोकळे अंतर ठेवा. फानुकने जो आकडा यंत्राच्या पोटात ठेवला तो इथे प्रोग्रॅममध्ये आहे आणि खोलीनुसार बदलतोही. किंमत म्हणजे लांबी : एका सायकलसाठी बऱ्याच ओळींचे नावासहित घटक. माझ्या मते ही किंमत द्यावी. वाचता येणारा लांब मजकूर हा न वाचता येणाऱ्या आखूड मजकुरापेक्षा बरा.

मग फानुकची ओळ टाकाऊ का? नाही. या क्रमांकांची पद्धत अमेरिकेतील आरएस-२७४ आणि नंतर आयएसओ ६९८३ या मानकांच्या काळातली आहे, जेव्हा प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोके पाडून दिले जात आणि प्रत्येक अक्षराची जागा मोजली जाई. त्या अडचणीत एका ओळीत एवढे काम बसवणे हे मोठेच काम होते. शिवाय भारतातल्या असंख्य कारखान्यांत ऑपरेटर ही ओळ पाहताक्षणी ओळखतो आणि क्यू एका जागी बदलून भोक वाचवतो. कॅम सॉफ्टवेअरने तेच भोक सायकल न वापरता सुटे करून दिले तर २५ पेकच्या पंचाहत्तर-एक ओळी होतात, आणि तिथे काही बदलायचे तर पुन्हा संगणकाकडे जावे लागते. 'आता सगळे कॅम करते, सायकल कशाला शिकायची' असे म्हणणाऱ्यांना हा अनुभव लवकरच येतो. फानुकवरही कस्टम मॅक्रो बी असेल तर घटत्या पेकची स्वतःची सायकल लिहिता येते, आणि तुमच्यासाठी तो उत्तम प्रकल्प होईल. बारीक ड्रिलसाठी फानुककडे एक पर्यायी सोयही आहे, जिच्यात ड्रिलवर जास्त भार आल्याचा संकेत मिळताच ते मागे घेतले जाते. तिथे पेक किती हे आधी ठरवलेल्या आकड्यापेक्षा भोकातली परिस्थिती ठरवते. पण हे सारे अपवाद. नेहमीची जी ८३ शिकवताना तिच्या मर्यादा सांगितल्या जात नाहीत, आक्षेप त्याला आहे.

पेकच नको असेल तेव्हा

पाठ्यपुस्तकांचे सर्वात मोठे मौन इथे आहे. आज खोल भोकाचे बरेचसे काम अंतर्गत कूलंटच्या कार्बाइड ड्रिलने होते. ड्रिलच्या पोटातून दाबाखाली कूलंट थेट टोकाशी येतो आणि चिपला खाचेतून वर ढकलतो. या ड्रिलला पेक मारला तर फायदा नाही, नुकसानच आहे : दर वेळी कापणारी धार सोडते, पुन्हा टेकते आणि कपची उडण्याचा धोका वाढतो. ते एका दमात तळापर्यंत जायला बनवलेले असते. मिनिटाला ७० मीटर वेगाने त्याचे ३७०० फेरे होतात, ०.१२ मिमी फीडने मिनिटाला सुमारे ४४० मिमी. आपले ७२ मिमीचे भोक दहा सेकंदांत.

म्हणजे कोष्टकातले 'खोल भोक म्हणजे जी ८३' हे समीकरण इथे उलटे पडते. आणि नुसती जी ८१ लावूनही चालत नाही. लांब ड्रिल मोकळ्या हवेत पूर्ण वेगाने फिरवले तर चाबकासारखे फेकले जाऊ शकते. म्हणून आधी आखूड ड्रिलने व्यासाच्या दोन-तीन पट खोल, किंचित मोठे मार्गदर्शक भोक पाडायचे. त्याच्या टोकाचा कोन लांब ड्रिलच्या कोनाइतका किंवा त्याहून मोठा हवा, म्हणजे लांब ड्रिल मध्यावर आधी टेकेल. मग लांब ड्रिल सावकाश फिरवत त्या भोकात उतरवायचे, आत आधार मिळाल्यावरच वेग वाढवायचा, आणि बाहेर पडण्याआधी पुन्हा उतरवायचा. जी ८३ ड्रिलला दर वेळी भोकाबाहेर आर पर्यंत आणते. इथे नेमके तेच करायचे नसते.

हायडेनहाइनने यासाठी २४१ ही स्वतंत्र सायकल दिली आहे. तिच्यात खोलवरची सुरुवातीची पातळी, शिरतानाचा वेग आणि कापतानाचा वेग हे सगळे घटक आहेत. नेहमीच्या फानुक कोष्टकात असे काही नाही, त्यामुळे हे साध्या ओळींत लिहावे लागते. वरचा आकार कोरून पूर्ण झालेल्या साच्याच्या ठोकळ्यात ड्रिल ६० मिमीवर तुटले तर ते स्पार्क इरोजनने काढत बसावे लागते, आणि तेही निघाले तर. त्या ठोकळ्यात आधी गेलेल्या तासांपुढे पुढच्या दहा-बारा ओळी टंकण्याचे कष्ट काहीच नाहीत. १४ मिमी खोल मार्गदर्शक भोक तयार आहे असे धरून :

जी८० जी९० जी००एक्स४०.० वाय२५.०
एस३०० एम०३
जी४३ एच०५ झेड३.०
जी०१ झेड-१२.० एफ३००
(इथे तुमच्या यंत्राचा अंतर्गत कूलंटचा एम कोड)
एस३७००
जी०४ एक्स१.०
जी०१ झेड-७२.० एफ४४०
जी०१ झेड-१२.० एफ२०००
एस३००
जी०४ एक्स१.०
जी०० झेड५०.०

पहिल्या ओळीतली जी ८० विसरू नका. आधीच्या मार्गदर्शक भोकाची सायकल चालू राहिली असेल तर एक्स-वायची हालचाल होताच यंत्र तिथे पुन्हा ड्रिल मारेल, आणि या वेळी स्पिंडलमध्ये लांब ड्रिल असेल. जी ०४ चे दोन थांबे स्पिंडलला वेग बदलायला वेळ देण्यासाठी आहेत. ज्या यंत्रावर वेग गाठल्याचा संकेत मिळेपर्यंत पुढची ओळ सुरूच होत नाही, तिथे ते काढता येतील. झेड-१२ ही पातळी मार्गदर्शक भोकाच्या तळाच्या २ मिमी वर आहे. तुमचे मार्गदर्शक भोक वेगळ्या खोलीचे असेल तर हा आकडा दोन्ही ठिकाणी बदला, वर शिरतानाच्या ओळीत आणि खाली बाहेर पडतानाच्या ओळीतही.